चौदापैकी अकरा

कॉम्प्युटर पुन्हा निळा पडला,
बुडालेल्या माणसाचे ओठ पडतात तसा.
एकतीस वर्षं मी या खाडीच्या पोस्टात शिक्के मारले,
पत्ता चुकलेली पाकिटंसुद्धा घरी पोचवली,
आणि हेडली पेलीची चौदा गाणी,
दारोदार मागून आणलेली,
माझ्याच टेबलावर हरवली.

नऊ परत मिळाली. गॅन्डरच्या पोरानं
डबा उघडून, धूळ फुंकून, मान हलवत काढली ती.
बाकीची पाच, म्हणाला, देवालाच माहीत.
त्याला आहेतच रे माहीत, मी म्हटलं, त्याच्यासाठीच गायलेली.
मला हवीत ती रेडिओवाल्यांसाठी.

हेडली सव्वीस वर्षं कारखान्यात कॉड चिरत होता.
रविवारी चर्चमध्ये अकॉर्डियन छातीशी धरायचा,
ओलं कोकरू धरावं तसा,
आणि डोळे मिटून गायचा.
कारखाना बंद पडला, अर्धं न्यूफाउंडलंड अल्बर्टाला गेलं,
तो राहिला.
त्याच्या नावाची एक तबकडी नाही कुठे,
पोस्टर तर सोडाच.

पुन्हा फोन लावत बसले.
मर्टल म्हणाली, अगं, तुझ्याकडे आता आहेच म्हणून
आमच्या ह्यांनी त्यावर हॉकी टेप केली.
तरी आणली ती. दोन कडवी येशूची,
आणि तिसऱ्यात गोल.
आयझॅक रिडआउटची मिठानं धरलेली;
पेन्सिल घालून रात्रभर फीत गुंडाळली,
सकाळी ती मध्येच तुटली.
टिल्डा म्हणाली, यंदा देणार नाही.
त्यात आईचा खोकला आहे
आणि आई आता नाही.
मग मी ऐकायलाच गेले.
खोकला आला तिथे आम्ही दोघी थांबलो, मागे घेतली, पुन्हा थांबलो.
गाणं कोणतं होतं ते मला
घरी आल्यावर आठवेना.

आणि हे यंत्र. रोज नवी तऱ्हा.
कधी बाण गोठतो, कधी वाचाच जाते,
कधी विचारतं, तुम्हाला खात्री आहे का?
पंचाहत्तरीच्या बाईला असलं विचारू नये.
वारा सुटला की वीज जाते,
वीज गेली की अर्धं गाणं जातं,
आणि तेव्हा अंधारात मी देवाशी जे बोलते
ते कृपा करून प्रार्थनेत धरू नये.

शेवटी हेडलीलाच बोलावलं.
बूट दाराशी काढले त्यानं, तळवे मांड्यांना पुसले.
मायक्रोफोन मी सॉसच्या बाटलीला बांधला होता.
एक गाणं झालं. ऐकलं तर
खाली सगळीकडे घुंऽऽ,
भिंतीत गांधीलमाशी अडकल्यासारखं.
कॉम्प्युटरचा पंखा!
मी रडायच्या बेतात.
तो मान तिरकी करून ऐकतच राहिला.

"शीतघर," म्हणाला.
"तिथलं यंत्र हाच सूर धरायचं, वर्ना.
हातात सुरी आणि कानात तो,
त्याच्यावरच तर गायलो मी सगळं.
ते थांबल्यापासून वाटायचं, गळा गेला आपला.
गळा होता गं.
खाली टेकायला काही नव्हतं."

मग पंख्याकडे तोंड करून गायला.
मी चहा ठेवायचंही विसरले.
पाच गायला, दोन वाचली;
तिसऱ्याला दिवे गेले, तरी तो थांबला नाही,
पंखा बंद पडला तेव्हा मात्र थांबला.

नऊ आणि दोन. तबकडी अजून कोमट आहे.
सेंट जॉन्सच्या स्टेशनचा पत्ता मी हातानं लिहिते आहे,
त्यात माझी चूक होत नाही.
आत चिठ्ठी: शेवटच्या दोन गाण्यांतला आवाज
कृपया साफ करू नये.
तीन कमी आहेत, हे कळवत नाही.
एक टिल्डाच्या कपाटात आहे,
खोकल्यासकट सुखरूप.

तिकिटं मोजून लावली.
मग आणखी एक लावलं.